बांडीला पाजलेला ओवा

“म्याडम, ह्या डब्यात नक्की काय गावतंय तुमास्नी?” बांडी गायीच्या गळ्यातला पांढरा डबा सोडून माझ्या हातात देत हिंदुरावमामांनी विचारलं.

“ढेकर,” मी म्हणाले.

“आन त्यो मोजायला येवढं मोठं यंत्र?”

“हो.”

“आन म्हनावा तसा आला न्हाई, तर?”

मी डबा त्यांच्या हातातून जवळजवळ हिसकावून घेतला. त्या सकाळी मला कुणी काहीही विचारलेलं खपत नव्हतं. खरं तर दोन आठवडे खपत नव्हतं. जेवायला बसले की पाय हलत राहायचा, आणि ओतलेला चहा टेबलावर गार होऊन त्यावर साय धरायची.

ही सतरा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते. जनावरांची डॉक्टर झाले होते आणि पीएच.डी.साठी एका पशुसंशोधन संस्थेत काम करत होते. संस्थेचा गोठा सातारा जिल्ह्यातल्या एका उघड्या माळावर होता. गोठ्याला लागून प्रयोगशाळा, तिच्यामागे माझी खोली, आणि पलीकडे पत्र्याच्या दोन खोल्यांत गोठ्यावरचे हिंदुराव मदने आणि त्यांची बायको गजराबाई. बाकी वारा आणि कुसळं.

माझा विषय ऐकून लोक आधी हसायचे. गाय चारा पचवते तेव्हा तिच्या पोटातले जंतू मिथेन नावाचा वायू तयार करतात आणि तो हवा तापवतो, इथपर्यंत ते गंभीर असायचे. मग तो कुठून बाहेर पडतो याबद्दल प्रत्येकाची एक ठाम समजूत असायची आणि ती चुकीची असायची. तो पडतो तोंडातून, ढेकराबरोबर. ओवा, लवंग आणि लसूण यांच्या अर्काचं तेल थेंबाथेंबानं खुराकात मिसळलं, तर तो कमी होतो का, हे मी बघत होते. तालुक्याच्या गावात मला ‘ढेकरवाल्या डॉक्टरीणबाई’ म्हणत. मला त्याचा राग यायचा नाही, उलट थोडी ऐटच वाटायची.

बारा संकरित गायी होत्या. सहा गायींना तेल घातलेला खुराक, तो निळ्या सुतळीच्या गोण्यांत यायचा. उरलेल्या सहांना तोच खुराक बिनतेलाचा, लाल सुतळीच्या गोण्यांत. कुठली गोणी कसली हे गोठ्यावरच्या माणसाला कळू नये असा नियम होता. पण निळी गोणी उघडली की अख्ख्या माळावर लसणाची फोडणी बसल्याचा वास सुटायचा, त्यामुळे तो नियम कागदावरच राहिला. दुसरा नियम मात्र मी मामांकडून वदवून घेतला होता: प्रयोग चालू असेपर्यंत एकाही गायीच्या तोंडात बाहेरची काडीसुद्धा जाता कामा नये.

“काडी न्हाई जानार,” मामा म्हणाले होते. “बिरोबाची आन.”

पहिले चार आठवडे सोन्यासारखे गेले. तेलाच्या गायींचा वायू पाचव्या हिश्श्यानं कमी आला. वाळिंबे सरांनी, म्हणजे माझ्या मार्गदर्शकांनी, खुशीत येऊन ते एका पत्रकाराला सांगितलं. दोन दिवसांनी माझा फोटो पेपरात! गायीच्या दाव्याला धरून मी उभी आणि वर मथळा, ‘गायीच्या ढेकरावर ओव्याचा उतारा’. इचलकरंजीला माझे वडील यंत्रमागावर जॉबर, म्हणजे मागांची देखभाल-दुरुस्ती करणारे, होते. त्यांनी ते कात्रण लॅमिनेट करून घेतलं आणि पाळी सुटताना एकेकाला थांबवून दाखवलं. आईनं फोनवर सांगितलं, “झोपताना पण उशाशी घेतात. तू फक्त आता पदवी घेऊन ये.”

पाचव्या आठवड्यात फरक निम्म्यावर आला. सहाव्यात त्याच्याही निम्म्यावर. आणि आता सातव्या आठवड्यातल्या त्या गुरुवारी, बांडीचा डबा हातात घेऊन मी प्रयोगशाळेकडे निघाले तेव्हा, सोमवारी समिती येणार होती. काम पुढं चालवायचं की इथंच गुंडाळायचं, हे तीच ठरवणार होती. गुंडाळलं तर माझी जागा जाणार होती आणि तीन वर्षं मातीत.

दुपारपर्यंत बाराही डबे यंत्रातून काढले. फरक उरलाच नव्हता. तेल खाल्लेली गाय आणि न खाल्लेली गाय, ढेकर सारखाच.

मी सगळं पुन्हा तपासलं. गायींच्या नाकापासून डब्यात वायू नेणाऱ्या नळ्या पाण्यात बुडवून बुडबुडे येतात का पाहिलं. नळ्या ज्यांना बांधायच्या त्या तोंडावरच्या म्होरक्या पाहिल्या. यंत्राला आधीच मोजलेला वायू देऊन त्याचा आकडा बरोबर येतो का पाहिलं, आणि तो बरोबर आला याचाच मला संताप आला. काहीही बिघडलेलं नव्हतं. मग मी गोठ्यात गेले.

मामा गव्हाणी झाडत होते. मी गोण्यांची थप्पी मोजली, सुतळ्या ओढून पाहिल्या.

“मामा, निळी गोणी चुकून लालवाल्यांना घातलीत का कधी?”

“न्हाई बा.”

“किंवा लाल निळ्यावाल्यांना?”

“म्याडम, वासावर तर आंधळा बी सांगंल.” ते हसले. मी हसले नाही, तसे तेही थांबले. “काय झालंय?”

“तेल काम करेनासं झालंय. आधी करत होतं, आता करत नाही.”

त्यांनी खराटा भिंतीला टेकवला. “मग सवय झाली आसंल त्यास्नी. पैल्या आठवड्यात आठवतंय न्हवं? गव्हानीत त्वांड घातलं की शिंकायच्या, निम्मं टाकून द्यायच्या. आता बगा, गव्हान चाटून लख करत्यात. माझा बा तंबाखू पैल्यांदा खाल्ली तवा चक्कर यून पडला हुता. पुढं दिसाला दोन पुड्या लागायच्या.”

“मामा, हे शास्त्र आहे. तुमच्या वडलांची तंबाखू नाही.”

“व्हय, ते बी खरंच.”

“कुणीतरी काहीतरी गडबड केलीय,” मी म्हणाले. माझा आवाज चढला होता. “मी सरांना सांगणार आहे. सोमवारच्या आत मला कळलंच पाहिजे.”

त्यांनी खराटा उचलला आणि पाठ फिरवून पुन्हा झाडायला लागले. मला वाटलं, त्यांना अपमान वाटला असेल. वाटलं तर वाटू दे, असंही मनात आलं.

तासाभरानं ते प्रयोगशाळेच्या दाराशी येऊन उभे राहिले. चपला बाहेर काढलेल्या, टोपी हातात. ते कधीच टोपी काढायचे नाहीत.

“म्याडम, माझ्याकडनं एक चूक झालीया.”

मी खुर्चीतून उठलेच. “काय केलंत?”

“मागल्या बुदवारी तुमी पुन्याला गेला हुता, सायबांच्या बैठकीला. त्या दिशी दोपारी बांडीचं प्वाट फुगलं. डाव्या कुशीवर टिचकी मारली तर ढोलावानी वाजाय लागली. त्वांड उघडं, जीभ भायेर. तुमास्नी सात फोन लावलं. बंद.”

बैठकीत सगळ्यांनी फोन बंद ठेवले होते. खरं होतं.

“तालुक्याचा डाक्टर म्हनला, दोन तास लागतील. दोन तासांत जनावर गेलं आस्तं. मग गजरानं ववा आन हिंग कुटला, काळं मीठ घातलं, त्येलात कालवून बांबूच्या नळीनं पाजलं. तोंडात कडूलिंबाची काडी आडवी बांदली. घंटाभर चालिवली. मग दिला ढेकर तिनं, आन माझा जीव भांड्यात पडला.” ते थांबले. “काडी बी न्हाई घालनार म्हनलं हुतं तुमास्नी. आन घातली. म्हनून सांगायची ताकद झाली न्हाई.”

“किती वेळा पाजलं?”

“त्याच दिशी. येकदाच.”

“बाकीच्या गायींना?”

“छ्या! त्यास्नी कशाला? त्या बऱ्या हुत्या.”

बांडी लाल गोणीवाली. बिनतेलाच्या गायीच्या पोटात ओवा! ते निघून गेले आणि मला एकदम मोकळा श्वास घेता आला. कारण सापडलं होतं. मी वही ओढली आणि तारखा मांडायला घेतल्या.

आणि तिथंच सगळं अडलं. फरक कमी व्हायला लागला होता पाचव्या आठवड्यात. मामांनी ओवा पाजला तो सहाव्या आठवड्यातल्या बुधवारी. जवळजवळ आठवड्यानं. शिवाय ओव्यानं गडबड झाली असती, तर बिनतेलाच्या गायींचा वायू कमी व्हायला हवा होता. तो पहिल्या दिवसापासून होता तिथंच होता, बांडीचासुद्धा. वर चढला होता तो तेलाच्या गायींचा. एकीचा नाही, सहाच्या सहा जणींचा, हळूहळू, एका पाठोपाठ एक.

एका गायीला एक दिवस दिलेल्या मूठभर ओव्याचा याच्याशी काडीइतका संबंध नव्हता. हे समजायला पदवी लागत नव्हती. मी ते पान उलटलं आणि फक्त फरकाचा आलेख काढला. वायू कुणाचा चढला आणि कुणाचा उतरला, हे त्या आलेखात दिसत नाही. दिसते ती एकच रेघ, आधी वर आणि मग खाली येणारी.

शुक्रवारी सकाळी वाळिंबे सर पुण्याहून आले. सर वाईट असते तर मला पुढं सोपं गेलं असतं. ते कधी आवाज चढवायचे नाहीत. निकाल हाती आला नाही म्हणून त्यांनी एकाही विद्यार्थ्याला घालवलं नव्हतं, हे मला ठाऊक होतं. त्यांनी आलेख पाहिला, चष्मा कपाळावर चढवला.

“हर्षदा, हे काय गं?”

मी त्यांना ओव्याचं सांगितलं.

“एका गायीला? एकदा?” त्यांनी विचारलं. “त्यानं एवढं होईल?”

“एकदाच, असं तो म्हणतो, सर.”

मामांना मी त्याआधी कधी, त्यांच्या पाठीमागंसुद्धा, ‘तो’ म्हटलं नव्हतं. सरांनी माझ्याकडं पाहिलं. मी खिडकीतून बाहेर पाहिलं. गोठ्याच्या कडेला गजराबाई शेणी थापत होत्या.

“म्हणजे तुला वाटतं, हे बऱ्याच दिवसांपासून चालू असेल?”

“पाचव्या आठवड्यापासून आकडे बिघडलेत. त्याआधी सगळं व्यवस्थित होतं.”

दोन्ही वाक्यं अक्षरशः खरी होती. मी ती रात्रभर घोकलीही नव्हती, आपोआप सुचली.

“तू गोठ्यावर असतेस. नक्की सांग. समितीसमोर मी हे बोलणार आहे.”

“नक्की, सर.”

सर उसासा टाकून म्हणाले, “मग शेवटचे तीन आठवडे गाळावे लागतील. पहिले चार धरू. आणि मदन्यांकडून लेखी घे. चौदा वर्षं आहे बिचारा इथं. पुढच्या महिन्यात कायम करायच्या यादीत नाव होतं त्याचं.”

हे मला माहीत नव्हतं, असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. मला माहीत होतं. गजराबाईंनी दिवाळीतच सांगितलं होतं, नाव लागलं की पत्र्याच्या खोलीतून पलीकडच्या सिमेंटच्या घरात जाणार, नळ आतच आहे.

जबाब मीच टाइप केला. ‘बिनतेलाच्या गटातील जनावरांस मी एक किंवा अधिक वेळा ओव्याचे मिश्रण पाजले व ही बाब लपवून ठेवली.’ मामा टेबलाशी वाकून उभे होते.

“वाचून दाखवू?” मी विचारलं. त्यांनी ‘हो’ म्हणावं असं मला वाटत होतं आणि म्हणू नये असंही.

“कशाला? तुमीच लिवलंय न्हवं?”

एकेक अक्षर जुळवत त्यांनी सही केली. हिंदुराव ज्ञानू मदने. ‘ज्ञा’ काढायला त्यांना वेळ लागला. मी तोवर कागद धरून ठेवला होता.

समिती आली, गूळपोळी जेवली, बांडीला थोपटून फोटो काढून गेली. काम पुढं चालू राहिलं. पहिल्या चार आठवड्यांचा निबंध छापून आला. मला पदवी मिळाली, नोकरी मिळाली. पुढं काही वर्षांनी दुसऱ्या कुणाचा तरी एक निबंध माझ्या टेबलावर आला. अशी तेलं बराच काळ दिली, तर गायीच्या पोटातले जंतू त्यांना सरावतात आणि वायू पुन्हा पहिल्यासारखा होतो, असं त्यांनी लिहिलं होतं. तो मी उभ्या उभ्या वाचला आणि कपाटात सर्वांत खाली घातला. आम्ही गाळलेले तीन आठवडे तेवढंच सांगत होते. मामाही तेवढंच सांगत होते.

पण मला सांगायचंय ते हे नाही. मला सांगायचंय ते समिती जाऊन आठ दिवसांनी घडलं.

मामांना कामावरून काढलं होतं आणि खोल्या रिकाम्या करायला सांगितलं होतं. सकाळी टेम्पो आला. मी प्रयोगशाळेत धुतलेल्या नळ्या पुन्हा धूत होते. बाहेरून भांड्यांचे, पत्र्याच्या पेटीचे आवाज येत होते. एकदा बांडी हंबरली, मग दुसरी कुठलीशी. ही मंडळी मला न भेटता निघून जावोत, एवढीच प्रार्थना मी करत होते. नळाचं पाणी मी मुद्दाम जोरात सोडलं होतं.

“म्याडम.”

मी नळ बंद केला. दोघं दाराबाहेर उभी होती. गजराबाईंच्या कडेवर पाण्याची कळशी होती, तीही टेम्पोत चढायची होती बहुतेक.

“निघतो आमी. सासुरवाडीला जातुय, पळशीला. तितं मेव्हन्याची म्हसरं हायती.”

“बरं,” मी म्हणाले. “सांभाळून जा.”

“म्याडम, येक इच्यारू का?” गजराबाई म्हणाल्या. त्या माझ्याशी कधी फारशा बोलायच्या नाहीत. “आमी येका गायीला येक दिस ववा पाजला. मग बाकीच्या अकरा गायींचं कसं वो बिघडलं?”

त्यांच्या आवाजात भांडण नव्हतं. दोन रात्री विचार करूनही उत्तर मिळत नाही, तेव्हा माणूस जाणत्याला विचारतो, तसं त्या विचारत होत्या. माझ्या हातातून पाणी निथळत होतं. मी तोंड उघडलं.

“गप ए!” मामा त्यांच्यावर खेकसले. “तुला काय कळतंय त्यातलं? शिकल्याल्या हायती त्या. त्यास्नी कळत न्हाई व्हय?”

मग ते माझ्याकडं वळले. त्यांचे डोळे तांबारले होते. माझ्या वडलांहून दोनेक वर्षांनी मोठा असलेला तो माणूस माझ्यासमोर हात जोडून उभा राहिला.

“म्याडम, माझ्यापायी तुमच्या तीन वर्साच्या कष्टावर पानी पडलं आस्तं. सायेब देवमानूस, त्यांनी सावरलं. पर आठ दिस झालं, घास उतरत न्हाई बगा. नोकरी ग्येली त्याचं न्हाई वाटत, पर शबूद मोडला त्याचं वाटतंय. तुमी लेकीसारक्या. मनात काय ठिवू नका. येवडी माफी करा मला.”

बाहेर टेम्पोवाल्यानं हॉर्न दिला. मला बोलायला वेळ होता. एक वाक्य पुरलं असतं. सर पुण्यात होते, पण फोन टेबलावर होता, यादी अजून वर गेलेली नव्हती.

“जाऊ द्या, मामा,” मी म्हणाले. “होतं असं माणसाकडून. मी माफ केलं तुम्हाला.”

त्यांचा चेहरा एकदम सैल झाला. त्यांनी टोपी डोक्यावर घातली, गजराबाईंच्या कडेवरची कळशी घेतली आणि दोघं टेम्पोकडं चालू लागली. मी दारातच उभी होते. वारा माझ्याकडं येत होता, त्यामुळं मला स्पष्ट ऐकू आलं.

“बग, म्हनलं न्हवतं?” मामा बायकोला सांगत होते. “लई मोट्या मनाची हाय पोरगी.”